अँजिओग्राफीच्या सीडीत न दिसणारं दुखणं

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या मावशीला तीन वर्षांपूर्वी छातीत भरून यायला लागलं. द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, चालू असायचं आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, जबडा दुखायचा, धाप लागायची. नाशिकला आणून अँजिओग्राफी केली. नळ्या स्वच्छ निघाल्या. “ब्लॉकेज नाही, गॅस असेल, टेन्शन घेऊ नका,” एवढं सांगून घरी पाठवलं. सीडीची पिशवी कपाटात गेली, दुखणं राहिलं. दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं: मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना, म्हणजे हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार. तोवर घरात आम्ही सगळे “मावशी मनाला फार लावून घेते” असं म्हणत होतो. त्याची बोच मला अजून आहे, आणि हा आजार डॉक्टरांच्याही नजरेतून इतकी वर्षं का सुटत राहिला, ते शोधायला मी त्यातूनच लागले.

ठिबक वापरणाऱ्याला हे दुखणं लवकर कळतं. मेन लाईनला प्रेशर असतं, सबमेन साफ असते, तरी ड्रिपरमधून पाणी नीट पडत नसेल तर वेल सुकतो. हृदयावरून जाणाऱ्या मोठ्या धमन्या तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या दिसतात. त्याखालचं जाळं दिसत नाही. आणि स्नायूच्या कुठल्या भागाला किती रक्त द्यायचं, हे त्या जाळ्यातच ठरतं. फक्त ड्रिपर क्षाराने चोंदतात, तसं इथे बहुतेक वेळा होत नाही. एक तर या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, केशवाहिन्या कमी होतात. नाही तर त्या वेळेवर उघडत नाहीत किंवा उलट आकसतात. चढ चढताना निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा तीन-चार पट वाढू शकतो. इथे तो दुपटीपर्यंत जाता जाता अडतो.

बारीक वाहिन्या न दिसण्याची ही अडचण तशी जुनी आहे. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं, पण धमन्यांतलं रक्त शिरांत जातं कुठून, ते त्यांना दाखवता आलं नाही. ती केशवाहिन्यांची जाळी मार्सेलो मालपिगी यांनी १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली, बेडकाच्या फुप्फुसात पाहिली. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये अंजायनाचं वर्णन केलं ते तर केवळ रुग्णांचं ऐकून: चालताना येणारी, थांबलं की जाणारी छातीतली कळ. त्यांच्याकडे नळ्या बघायचं साधनच नव्हतं, त्यामुळे रुग्णाचं सांगणं हाच पुरावा होता.

साधन हाती आलं ते अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडणार होते. कॅथेटरचं, म्हणजे त्यासाठीच्या बारीक नळीचं, टोक हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या कोरोनरी धमनीत सरकलं आणि सगळं द्रव्य थेट तिच्यात गेलं. हृदय काही क्षण थांबलं. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला सांगितलं, ठोके परत सुरू झाले. आणि जिवंत माणसाच्या हृदयाची धमनी फिल्मवर स्वच्छ उमटली होती. पुढे १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने अरुंद धमनी रुंद केली. या दोन शोधांनी असंख्य जीव वाचले, त्यांचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण मला वाटतं, याच काळात एक गल्लत रुजली. मोठ्या नळीतला अडथळा म्हणजेच हृदयविकार, आणि अडथळा नसेल तर विकार नाही, असं धरलं जाऊ लागलं.

खटकलेल्यांनी ते लगेच लिहून ठेवलं होतं. १९६७ सालीच वैद्यकीय नियतकालिकांत असे रुग्ण नोंदवले गेले, ज्यांची लक्षणं अंजायनाची पण अँजिओग्राफी नॉर्मल. १९७३ मध्ये हार्वे केम्प यांनी या कोड्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. एका अभ्यासात अशा रुग्णांच्या गटाला दिलेलं अक्षर त्यांनी उचललं. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिन न जुमानणाऱ्या शरीराच्या विकारालाही हेच नाव दिलं आणि गोंधळ वाढला. त्याच वर्षी रिचर्ड कॅनन आणि स्टीफन एपस्टाइन यांनी ‘मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना’ हे नाव रूढ केलं, तेव्हा कुठे बोट नेमक्या जागी ठेवलं गेलं.

कारणाचा धागा दुसरीकडून मिळाला. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं, की शरीरातल्याच एका रसायनाने, अ‍ॅसिटिलकोलिनने धमनी सैलावते ती तिचं आतलं अस्तर शाबूत असेल तरच. अस्तरातून सुटणारा तो निरोप नायट्रिक ऑक्साइडचा निघाला, आणि १९९८ चं नोबेल या कामाला मिळालं. आज बारीक वाहिन्यांच्या तपासणीत हेच अ‍ॅसिटिलकोलिन वापरतात: बिघडलेली वाहिनी उघडायच्या ऐवजी आकसते.

अशा रुग्णांत बायका जास्त, विशेषतः पाळी जाण्याच्या वयातल्या. म्हणूनच या आजाराला ‘मनाचं’ म्हणणं सोपं गेलं असावं. १९९१ मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी लिहिलं, की बाईला आपलं दुखणं पुरुषासारखं आहे हे सिद्ध करावं लागतं, तेव्हाच तिला तसे उपचार मिळतात. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वाइज’ या अभ्यासाने खास स्त्रियांचा माग घेतला. २०१० मध्ये त्यातून पुढे आलं, की ज्यांच्या बारीक वाहिन्या नीट उघडत नव्हत्या, त्यांना पुढच्या काही वर्षांत हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर असे धोके जास्त होते. ‘नॉर्मल’ रिपोर्ट म्हणजे निर्धास्त, ही समजूत तिथे मोडली. निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष यायला मात्र २०१८ उजाडलं.

धोका वाढवणारी कारणं ओळखीचीच: मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू. साखर डोळ्यांच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्या बिघडवते हे आपण मानतो. हृदयातल्याही तशाच नाजूक आहेत. आणि मिसरी हीसुद्धा तंबाखूच. हे मी मुद्दाम लिहिते, कारण निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी बायका डॉक्टरांना “तंबाखू नाही” असं मनापासून सांगतात.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच, म्हसरूळला आहे. राज्यातल्या डॉक्टर-नर्सेसच्या पदव्यांचे अभ्यासक्रम त्याच्याकडून चालतात, म्हणून मला त्याच्याकडून आशा वाटते. कारण बाईच्या छातीतली कळ पहिल्यांदा ऐकतात ते गावातले डॉक्टर, उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई. अँजिओग्राफीची खोली, म्हणजे कॅथलॅब, त्यानंतर येते.

मावशीला आता रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि वाहिन्या सैल ठेवणारी गोळी चालू आहे. ओळीच्या टोकाला ती पोचते, मध्ये एकदा बसून. मिसरी सुटायला आठ महिने लागले.