चांदणी चौकातला पूल पाडला, तेव्हा आणि त्याआधी

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्री एकच्या सुमारास स्फोटकांनी उडवला गेला. बहुतेकांना तेवढंच आठवतं. पण या कामाचा खरा पेच स्फोटाच्या बराच आधी सुरू झाला होता.

हा पूल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. खालून मुंबई–बंगळुरू महामार्ग, वरून कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी आणि एनडीएकडची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडची) वाहतूक. तेव्हा बावधन हे शहराबाहेरचं गाव होतं. पुढे हिंजवडीत आयटी पार्क आला, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग झाला, मुळशी रस्त्यावर वसाहती उभ्या राहिल्या. महामार्ग रुंद होत गेला, पण पुलाखालची जागा होती तेवढीच राहिली. दोन्ही बाजूंनी भरधाव येणारी वाहनं पुलाखाली येऊन तुंबायची. पूल मजबूत होता. त्याचा दोष एवढाच, की त्याच्याखालून जास्त लेन नेणं शक्य नव्हतं.

जुन्या पुलाच्या जागी नवा पूल आणि त्याला जोडणारे रॅम्प, अशा नव्या रचनेचं भूमिपूजन ऑगस्ट 2017 मध्ये झालं आणि मग काम भूसंपादनात अडकलं. जमीन महापालिकेने द्यायची, बांधकाम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने करायचं. जागा तुकड्या-तुकड्यांनी हाती येत गेली आणि रॅम्पही तसेच तुकड्या-तुकड्यांनी उभे राहिले. पुणेकरांनी या काळात जे सोसलं, त्याचा मोठा वाटा जमिनीचा आहे, काँक्रीटचा नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण राग नेहमी साइटवर दिसणाऱ्या माणसांवर निघतो.

ऑगस्ट 2022 च्या अखेरीस मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याला जाताना इथल्याच कोंडीत अडकले. त्यानंतर हालचालींना वेग आला. पण पूल लगेच पाडता येण्यासारखा नव्हता. त्याच्या आसपासच्या सेवावाहिन्या (पाणी, वीज वगैरेंच्या) आधी हलवायच्या होत्या, वरच्या वाहतुकीला पर्यायी रस्ता द्यायचा होता आणि खालचा महामार्ग फक्त एका रात्रीपुरता बंद ठेवता येणार होता. खंडाळ्याजवळचा 1830 चा अमृतांजन पूल पाडणाऱ्यांना ही अडचण नव्हती. तो एप्रिल 2020 मध्ये पाडला, तेव्हा त्याच्याखालचा द्रुतगती मार्ग लॉकडाऊनमुळे ओस पडला होता.

चांदणी चौकात पुलाला हजाराहून अधिक छिद्रं पाडून सुमारे 600 किलो स्फोटकं भरली गेली. दगड-माती उडू नये म्हणून पूल जाळ्या, कापड आणि वाळूच्या पोत्यांनी झाकला. नोएडाचे जुळे मनोरे महिन्याभरापूर्वी पाडणारी कंपनीच इथे होती, त्यामुळे लोकांना तसंच दृश्य अपेक्षित होतं. स्फोट झाला, धूळ खाली बसली, आणि पुलाचा बराच भाग जागेवरच दिसला. ‘स्फोट फसला’ अशी चर्चा लगेच सुरू झाली.

ती चर्चा अर्धवट माहितीवरची होती. उंच इमारतीचे खालचे खांब तोडले की वरचं वजनच तिला खाली आणतं. बुटक्या पुलाला अशी मदत मिळत नाही. शिवाय स्फोट काँक्रीटचा भुगा करतो, पण आतल्या सळ्या तोडेलच असं नाही. या पुलात अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघालं. काँक्रीट फुटलं, पण सळ्यांच्या जाळ्याने सांगाडा धरून ठेवला. पण काँक्रीट खिळखिळं झालंच होतं, म्हणून ब्रेकर लावलेले पोकलेन आत शिरले आणि उरलेलं काही तासांत उतरवलं. ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा, पण त्याच सकाळी महामार्ग सुरू झाला. इतक्या वर्दळीच्या रस्त्यावर माझ्या मते यशाची कसोटी हीच.

नवा पूल बांधण्याचं काम त्यापेक्षा शांतपणे झालं. मोठ्या अंतराचे पोलादी गर्डर जुलै 2023 मध्ये रात्री वाहतूक थांबवून चढवले गेले. पहाटेपूर्वी रस्ता मोकळा करायचा, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. 12 ऑगस्ट 2023 रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते प्रकल्पाचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे 865 कोटी रुपये.

वाहनं आता न थांबता जातात. पण या रचनेत पायी चालणाऱ्याचा विचार कमी झाला. महामार्गावर बसमधून उतरून पलीकडे जायचं तर रॅम्पच्या जाळ्यातून वाट काढावी लागते, आणि उद्घाटनानंतर लगेचच इथे पादचारी पुलाची मागणी सुरू झाली.