बर्नरच्या नोझलला पिन मारू नका

बेकरीच्या डिझेल ओव्हनचा बर्नर काजळी धरू लागला की वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळतो, "नोझलला पिन मारा, मोकळं होईल." ही सवय रॉकेलच्या स्टोव्हची. पंपाच्या स्टोव्हमध्ये रॉकेलची आधी वाफ होते आणि ती साध्या भोकातून सुटते. तिथे पिन चालते. बर्नरचं नोझल वेगळं. साधारण 7 बार दाबाचं डिझेल आतल्या बारीक तिरप्या खाचांमधून गरगरत येतं आणि तोंडाशी धुक्यासारखं फुटतं. त्या गुळगुळीत तोंडावर केसाएवढा ओरखडा पडला तरी फवारा तिरका जातो, थेंब जाड पडतात, काजळी उलट वाढते.

म्हणून नोझल बदलायचंच, तेही अंगावर कोरलेलं वाचून. 0.75 आणि 80 अंश असेल, तर तेच. 0.75 म्हणजे ताशी पाऊण अमेरिकन गॅलन, सुमारे 2.8 लिटर; 80 अंश म्हणजे फवाऱ्याचा कोन.

आधी मेन स्विच बंद, तेलाचा कॉक बंद, बर्नर थंड. दोन पाने (स्पॅनर) घ्या, एकाने नोझलचा होल्डर धरून ठेवा, दुसऱ्याने नोझल फिरवा. नव्या नोझलच्या तोंडाला बोट लावू नका. आणि बर्नर पेटला नाही तर कृपा करून रीसेट दाबत बसू नका. न जळलेलं डिझेल आत साचतं आणि पुढच्या ठिणगीला एकदम भडकतं.