इसबगोल तेच, पोट वेगळं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मामींचा फोन आला तो तक्रारीचाच. "वजन उतरतंय रे त्या आठवड्याच्या सुईनं, पण चार दिवस पोट साफ नाही. काल रात्री इसबगोल घेतलं, तर पोट आणखीच दगड झालंय."

"किती पाण्यातून घेतलं?"

"दोन चमचे तोंडात टाकले, वर दोन घोट पाणी. हल्ली तहानच लागत नाही."

दुखण्याचं मूळ त्या शेवटच्या वाक्यातच होतं.

वजन उतरवणाऱ्या या आठवड्याच्या सुईत सेमाग्लुटाइड असो किंवा टिर्झेपटाइड, ही औषधं जेवणानंतर आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात. शरीरातलं मूळ जीएलपी-१ मिनिटा-दोन मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइडला त्यासाठी सुमारे आठवडा लागतो. तोवर जठर सावकाश रिकामं होतं, भूक मंदावते आणि पुष्कळांची तहानही. शिवाय जेवण अर्ध्यावर आलं की त्याबरोबर पोटात जाणारी आमटी, ताक, भाजीतलं पाणी हेही अर्ध्यावर येतं. हे कोणी मोजत नाही.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर द्रव उतरतो. त्यातला शंभर-दोनशे मिलिलिटरच मलाबरोबर बाहेर पडतो, उरलेला पुन्हा शोषला जातो. मल जितका रेंगाळेल तितका सुकणार. म्हणूनच वेगोव्हीच्या (वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडचं बाजारातलं नाव) चाचण्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या सुमारे २४ टक्के लोकांना बद्धकोष्ठ झालं. औषध नसलेली सुई घेणाऱ्यांत ते प्रमाण ११ टक्के होतं.

आता इसबगोल. बडोद्याच्या घरांत ते ऊंझ्याच्या बाजारातून आलेलं असतं आणि त्यावर कोणी शंका घेत नाही. मीही घेत नाही. पण हा भुसा स्वतः काही ढकलत नाही. तो पाणी धरून फुगतो, मल मऊ आणि भरीव करतो. पाणीच नसेल तर नुसता चिकट गोळा होतो, तोही आधीच संथ चाललेल्या पोटात. क्वचित अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकूही शकतो. म्हणून सुरुवात एका चमच्यानं करावी. मोठा पेलाभर पाण्यात कालवून घट्ट व्हायच्या आत प्यावं, वर आणखी एक पेला पाणी घ्यावं. अगदी झोपताना नको. इतर गोळ्यांमध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवावं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

तेवढ्यानं भागलं नाही तर पॉलिथिलिन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज डॉक्टर देतात. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत मात्र सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून हलवते. एखाद्या दिवशी ठीक, पण डॉक्टरांना न विचारता रोजची सवय लावून घेऊ नये. सकाळी कोमट पाणी आणि नाश्ता झाल्यावर मोठं आतडं आपणहून हलतं, ती वेळ दवडू नये. कमोडवर बसताना पायाखाली पाट घेतला तर कुंथावं कमी लागतं.

खाण्याचं म्हणाल, तर आपल्या सेव-उसळीतल्या वाटाण्यात चांगला चोथा असतो. वाटीभर उसळ खुशाल खा. शेव वगळायला सांगणारा मी बडोद्यात शत्रू ठरेन, पण वगळा.

दिवस मोजण्यात मात्र अर्थ नाही. खाल्लंच कमी तर मलही कमीच होणार. तिसऱ्या दिवशी झालं आणि मऊ झालं तर ते बद्धकोष्ठ नव्हे. रोज होऊनही लेंड्या पडत असतील तर ते आहे. सेमाग्लुटाइडचा डोस साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवतात, आणि त्रास बहुधा त्याच सुमारास उसळतो. अशा वेळी आधीच्याच डोसवर आणखी काही दिवस राहता येतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पोट फुगलंय, वारासुद्धा सरत नाही, उलट्या होताहेत. किंवा पोटात असह्य कळ येऊन पाठीत जातेय, किंवा मलातून रक्त येतंय, तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. आतडं ठप्प झाल्याच्या नोंदी आल्यावर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं ओझेम्पिकच्या (मधुमेहासाठीचं सेमाग्लुटाइड) माहितीपत्रकात त्याचा उल्लेख घालायला लावला.

मामी आता ओट्यावर तांब्या भरून ठेवतात आणि दुपारपर्यंत संपवतात. दोन-तीन दिवसांआड का होईना, विनात्रास होतं. तरी फोनवर पहिलं वाक्य तेच, "रोज नाही होत रे."