ग्लिसरीन आणि टिअर स्टिक: रडायच्या सीनला कधी काय लावायचं

रडायचा सीन आला की सेटवर कुणीतरी ओरडतं "ग्लिसरीन आणा", आणि मग हाताला बाटली लागते की मेंथॉलची टिअर स्टिक, याकडे कुणी फारसं बघत नाही. बघायला हवं, कारण डोळा कलाकाराचा असतो. ग्लिसरीननं अश्रू नुसता दिसतो, स्टिकनं तो खरोखर येतो.

ग्लिसरीन घट्टसर, चिकट, पारदर्शक असतं. पाण्याचा थेंब गरम लाइटखाली सुकतो, हा तसाच टिकून राहतो आणि चमकतो, त्यामुळे क्लोजअपमध्ये एकाच गालावर नेमक्या जागी एक थेंब हवा असेल तर ग्लिसरीनच बरं. नुसतं शुद्ध लावलं तर फार हळू ओघळतं, थोडं पाणी मिसळायचं. रीटेकच्या आधी जुना ओघळ ओल्या कापसानं पुसायचा, नाहीतर नवा थेंब त्याच चिकट वाटेनं जातो.

पण हे सगळं गालावर, डोळ्यात नाही! कितीतरी ठिकाणी सरळ डोळ्यात सोडतात, मला हे बघवत नाही. घट्ट ग्लिसरीन आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, डोळा चुरचुरतो, लाल होतो आणि जे पाणी येतं ते त्या त्रासानं येतं. शिवाय साधी बाटली डोळ्यात घालण्यासाठी निर्जंतुक केलेली नसते. डोळ्यांच्या काही ड्रॉप्समध्ये ग्लिसरीन असतं हे खरंय, पण ते १ टक्का किंवा त्याहून कमी.

टिअर स्टिक दिसायला लिपस्टिकसारखी, मेणासारख्या बेसमध्ये मेंथॉल आणि बऱ्याचदा कापूर. डोळ्याखाली, पापणीच्या कडेपासून जरा लांब, अगदी पातळ फिरवायची. वाफ वर चढते, डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या थंडी ओळखणाऱ्या नसा जाग्या होतात आणि अश्रुग्रंथी पाणी सोडते, कांदा चिरताना येतं तसलंच हे प्रतिक्षिप्त पाणी, दुःखाचा काही संबंध नाही. तरी पाणी खरं असल्यानं बाकीचंही सोबत येतं, डोळे लालसर होतात, पापण्या भिजतात, आणि अश्रूंची वाट नाकात उतरते म्हणून नाकही वाहायला लागतं. रडणारा माणूस नाक ओढतो ना, ते गालावरच्या थेंबानं कधीच मिळत नाही. त्यामुळे लांबलचक संवादाचा सीन असेल तर माझं मत सरळ स्टिकला.

मात्र कुठल्या डोळ्यातून कधी थेंब पडेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि टेक वाढत गेले की डोळे थकतात, लाली चढत जाते, मग आधीच्या शॉटशी कंटिन्युइटी जुळत नाही. म्हणून लाइट, फोकस, मार्क (कलाकारानं उभं राहायची ठरलेली जागा) सगळं तयार झाल्यावरच स्टिक लावायची. आधी लावून कलाकाराला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचे अश्रू वाया घालवणं.

दोन्हींपैकी कशानंच श्वास अडखळत नाही. तो कलाकारालाच आणावा लागतो, आणि त्यासाठी सीन आधी कोरड्या डोळ्यांनी करून बघावा, कुठल्या शब्दावर श्वास तुटतो, कुठे आवंढा गिळावा लागतो ते सापडेपर्यंत. नवीन कलाकार पाणी आलं की सगळं लक्ष ते वाहण्यावर देतात. त्यांना सांगावं की रडू नकोस, रडू आवर आणि वाक्य पूर्ण कर. बहुतेक माणसं तसंच रडतात, बोलता यावं म्हणून धडपडत, आणि बघणाऱ्याचा गळा त्या धडपडीनं दाटतो.

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर स्टिक लावायच्या आधी काढायच्या, लहान मुलांना मेंथॉल लावूच नये. टेक संपला की लगेच पुसून घ्यायचं, चोळायचं नाही. आणि सीनमध्ये मिठी असेल तर समोरच्या कलाकाराला आधी सांगून ठेवा, कारण गालाला गाल लागला की मेंथॉल त्याच्याही डोळ्यापर्यंत पोचतं.