उलवे ते हीथ्रो: अंतर ठरलेले, वेळ मात्र बदलती

नवी मुंबईचा उलवे येथील विमानतळ साधारण १८.९९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.०७ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर लंडनचा हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४५ अंश पश्चिम येथे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून या चार आकड्यांवर गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र चालवले, की पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन्ही ठिकाणांमध्ये सुमारे ६५ अंशांचा कोन होतो आणि पृष्ठभागावरचे अंतर जवळपास ७,२३० किलोमीटर भरते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने काटेकोर मापनात लंबगोलाची सूत्रे वापरतात. पण प्रवाशाच्या दृष्टीने तो फरक नगण्यच.

हे अंतर बृहद्‌वृत्तावरचे, म्हणजे गोलावर दोरा ताणून धरला तर तो जसा बसेल त्या वाटेचे आहे. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा सरळ दिसते खरी, पण तीच वाट धरून विमान नेले, तर अंतर सुमारे ७,४३० किलोमीटर होते, म्हणजे चक्क २०० किलोमीटरचा वळसा. दोऱ्याची वाट कराचीच्या आसपासून इराण, कॉकेशस, क्रिमिया आणि युक्रेनवरून जाते. आता गणित कितीही अचूक असले तरी युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. प्रत्यक्षात उडावे लागणारे अंतर सूत्रातल्या आकड्याहून मोठे असते, ते बहुधा अशाच कारणांनी.

वेळेचे गणित याहून अवघड आहे, कारण विमान हवेच्या सापेक्ष उडते आणि ती हवाच वाहत असते. आपल्या उत्तरेकडच्या मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत असतात, विशेषतः हिवाळ्यात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला वारा नसेल, तर ७,२३० किलोमीटर जायला ८ तास २ मिनिटे लागतील. आता वाटभर ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे असे समजू. जाताना तो समोरून येतो, वेग ८०० वर उतरतो आणि ९ तास २ मिनिटे लागतात. येताना तोच पाठीशी असतो आणि ७ तास १४ मिनिटांत काम होते. जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघेल असे वाटते, पण दोन्ही फेऱ्यांची बेरीज १६ तास १६ मिनिटे येते, म्हणजे वारा नसतानाच्या वेळेपेक्षा १२ मिनिटे जास्तच! विमान विरोधी वाऱ्यात अधिक काळ राहते, म्हणून फिट्टंफाट होत नाही.

वेळापत्रकातला कालावधी तर गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सगळे त्यात गृहीत धरलेले असते. शिवाय तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापतात. हिवाळ्यात दुपारी २ वाजता निघालेले विमान १० तासांनी पोहोचले, तर तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि वजाबाकी साडेचार तासांचीच येते. उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळे एक तास पुढे असल्याने ती साडेपाच तास येते.