फॅन बेल्टच्या आवाजाचे निदान

मोटारीच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला फिरणाऱ्या पट्ट्यातून, म्हणजे फॅन बेल्टमधून, येणाऱ्या आवाजाचे मूळ शोधण्याची पद्धत. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून फिरणारा हा पट्टा अल्टरनेटर (जुन्या मिस्त्र्यांचा डायनॅमो), एसीचा कॉम्प्रेसर, पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप आणि काहींत पॉवर स्टिअरिंगचा पंप चालवतो. झाकणाआडचा टायमिंग बेल्ट वेगळा; पुढील कोणतीही चाचणी त्याला लागू नाही.

आवाज पट्ट्याजवळून येतो म्हणून पट्टाच बदलायचा, ही सर्रास होणारी चूक आहे. दोष पुष्कळदा पुलीत, टेन्शनरमध्ये (पट्ट्याचा ताण धरणाऱ्या भागात) किंवा बेअरिंगमध्ये असतो. मग नवा पट्टा काही दिवस गप्प राहतो आणि पुन्हा ओरडू लागतो.

आवाज मुख्यतः तीन प्रकारचे. तुटक, तालात येणारी चिवचिव पुल्या एका रेषेत नसल्याची खूण. ती आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, स्पष्ट ऐकू येते. लांब किंचाळी म्हणजे पट्टा घसरतो आहे. रेस दिली, एसी लावला किंवा हेडलाइट पेटवले की ती वाढते. घरघर किंवा खरखर बेअरिंगची.

पहिल्या दोहोंत फरक करायला पाणी पुरते. इंजिन आयडलिंगवर ठेवून पट्ट्याच्या नाल्यांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून पट्टा वाळताच परत आला, तर पुली तिरपी आहे. आवाज वाढला, तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगकडे वळावे. उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टा बोनेटमध्ये वाकण्यापूर्वी काढून ठेवावा. फिरत्या पट्ट्यात त्याचे टोक गेले तर गळ्याला फास बसतो.

बेअरिंग हुडकण्याची खात्रीची रीत पट्टा उतरवण्याची आहे. आधी पट्ट्याच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो घ्यावा, कारण लांब पट्टा उलटसुलट वळणे घेतो आणि बसवताना हमखास घोळ होतो. पाना लावून टेन्शनर सैल करावा, पट्टा काढावा आणि इंजिन १५-२० सेकंद चालवावे. जास्त नको, वॉटर पंप बंद असतो. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाच्या आतला. गेला असेल तर इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. वाळू असल्यासारखी खरखर, अडखळ किंवा बाजूला हलणारा खेळ म्हणजे ते बेअरिंग गेले. आयडलर (पट्ट्याला नुसती वाट देणारी मोकळी पुली) एका टिचकीत बराच वेळ सळसळत फिरला, तर त्यातले ग्रीस संपले समजावे. एसी कॉम्प्रेसरच्या पुलीचे बेअरिंग एसी बंद असतानाही फिरते. एसी लावताच आवाज बदलला तर संशय त्याच्यावर.

तिरपेपणा पाहायला पुल्यांच्या कडांवर पोलादी पट्टी धरावी. ३० सेंमी अंतरात सुमारे १.५ मिमीहून अधिक फरक असेल तर चिवचिव येणारच. डायनॅमो दुरुस्त करून आणल्यावर वॉशर राहून जाणे किंवा दुसऱ्याच मापाचे ब्रॅकेट लागणे, हे त्यामागचे नेहमीचे कारण.

ताणाची गोष्ट गाडीनुसार बदलते. जुन्या व्ही आकाराच्या पट्ट्यात सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यास साधारण १० मिमी दबले पाहिजे. टॉमी (लोखंडी सळई) लावून त्याहून घट्ट केल्यास किंचाळी थांबते, पण डायनॅमो आणि वॉटर पंपाची बेअरिंगे लवकर जातात. आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा आयडलिंगवर थरथरताना दिसला तर टेन्शनरच बदलावा. सकाळी पहिल्या स्टार्टला येणारी किंचाळी मिनिटभर टिकून जात असेल तर बॅटरीही तपासावी: उतरलेली बॅटरी चार्ज करताना डायनॅमोवर भार अधिक पडतो.

विदर्भातील गावांत काही कारणे ठळकपणे आढळतात. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी चिकण माती पट्ट्याच्या नाल्यांत भरते आणि वाळून दगडासारखी होते. गिट्टीचा बारीक खडाही तिथे अडकतो, तेव्हा ठरावीक अंतराने टकटक येते. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत रुईचे तंतू पुलीमागे गुंडाळलेले सापडतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी ओतले जाते. त्याचे क्षार वॉटर पंपाचे सील खातात. सीलमधून झिरपलेले पाणी आधी पंपाचे बेअरिंग खराब करते, मग पट्ट्यावर येते. अशा गाडीत किंचाळी आणि घरघर दोन्ही ऐकू येतात आणि पट्टा बदलून काही साधत नाही.

साबण, पावडर, खोबरेल किंवा ग्रीस पट्ट्यावर लावू नये. आवाज थांबतो, घसरण वाढते आणि त्यावर धूळ बसते. तेलाने माखलेला पट्टा पुसून वापरण्यापेक्षा गळती थांबवून बदललेला बरा.

पट्टा पाहताना भेगांवर विसंबू नये. जुने निओप्रीन रबराचे पट्टे तडकत. हल्लीचे ईपीडीएम या रबराचे क्वचितच तडकतात, त्यांच्या नाल्या झिजून खोल होतात, म्हणून ते चांगले दिसूनही घसरतात. नवा घेताना क्रमांक तंतोतंत जुळवावा: ६पीके१०५० म्हणजे ६ धारा व १०५० मिमी लांबी. तालुक्याच्या दुकानात याच्या जवळपासचा मिळाला तरी बसवू नये; टेन्शनर टोकाला जातो आणि नवा पट्टाही किंचाळतो. बसवण्यापूर्वी पुल्यांच्या खाचा कोरड्या तारेच्या ब्रशने साफ कराव्यात.