भिंत फुटते ती वाळताना

मे महिन्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत भिंतीच्या कडेने चालत जा. जोत्याच्या वर हात-दीड हात विटा आत खचलेल्या दिसतील आणि त्यांच्यामधल्या सिमेंटच्या दर्जा (सांधे) मात्र चौकटीसारख्या पुढे आलेल्या. बोटाने खरवडले की विटेचा लाल भुगा गळतो, त्यात पांढरी कणी चमकते. याला आपण ‘लोणा लागला’ म्हणतो आणि खापर पावसाळ्यावर फोडून मोकळे होतो. हे निदान अर्धेच खरे आहे.

थंड देशांत विटांचे पापुद्रे बर्फ काढतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. विटेतली छिद्रे जवळपास ९२ टक्क्यांच्या वर पाण्याने भरलेली असतील तर त्या फुगवट्याला जागा उरत नाही आणि वीट आतून उसवते. परभणीचा पारा थंडीत कितीही घसरला तरी भिंतीतले पाणी काही गोठत नाही. तरीही इथल्या विटा तशाच फुटतात, कारण बर्फाचे काम इथे क्षार करतात. हे साम्य जुनेच ओळखीचे आहे. १८२८ साली फ्रान्समध्ये खनिजतज्ज्ञ ब्रार्ड यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. दगड हिमाला टिकेल का, हे पाहण्यासाठी तो सोडियम सल्फेटच्या द्रावणात उकळून नंतर वाळवायचा. हिमाची परीक्षा घ्यायला बर्फ लागलाच नाही, मीठ पुरले.

वीट म्हणजे बारीक नळ्यांचे जाळे. जमिनीतली ओल दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशी त्यातून वर चढते. नुसत्या नळ्यांचा हिशोब केला तर ती कित्येक मीटर चढायला हवी. पण वाटेत दोन्ही बाजूंनी पाणी उडून जाते, म्हणून ती बहुधा मीटरभराच्या आसपास थांबते. पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. वर्षानुवर्षे त्याच पट्ट्यात साठत जातात.

ते कुठे साठतात यावर भिंतीचे आयुष्य ठरते. पाणी पृष्ठभागापर्यंत पोचून उडाले तर पांढरी बुरशीसारखी पूड बाहेर दिसते. दिसायला वाईट, पण फारशी घातक नाही. वाळण्याचा वेग पाणी पुढे येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की पाणी पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. ते कातडीच्या आतच काही मिलिमीटरवर उडते आणि स्फटिक तिथेच वाढतात. त्यांच्या दाबाने वरचा थर सुटतो. एप्रिल-मेमधले कोरडे गरम वारे नेमके हेच घडवतात. म्हणजे न दिसणारा लोणा दिसणाऱ्यापेक्षा वाईट.

यातला सर्वांत खोडकर क्षार सोडियम सल्फेट. ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर तो कोरडाच राहतो. त्याखाली ओलावा मिळाला की एका रेणूमागे पाण्याचे १० रेणू घेऊन बसतो आणि मूळच्या तिपटीहून जास्त जागा मागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात भिंत ही सीमा वारंवार ओलांडते. मग मृगाची पहिली सर येते. कोरडा क्षार त्या पाण्यात विरघळतो, द्रावण अतिसंपृक्त होते, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त क्षार होतो, आणि त्यातून मोठे जलयुक्त स्फटिक एकदम बाहेर पडतात. महिनाभर भरून ठेवलेल्या छिद्रांवर तो शेवटचा घाव असतो. साध्या मिठाचा त्रास वेगळा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढते. कुठेही गळती नसताना श्रावणात भिंतीवर ओले डाग दिसतात ते यामुळे.

हे क्षार येतात कुठून? विटेच्या मातीतून, भट्टीच्या कोळशातल्या गंधकातून, खोल बोअरच्या पाण्यातून. गोठ्याच्या भिंतीला लोणा सगळ्यात आधी लागतो, कारण जनावरांच्या मुतातला नायट्रोजन जमिनीत नायट्रेट होतो. जुन्या गावठाणाची पांढरी मातीही अशीच क्षारांनी भरलेली असते; माळवदाला ती चालली, विटांच्या भिंतीमागे भराव म्हणून नको.

आता नेहमीची चूक. खालचा गिलावा पडला की गवंडी चार फुटांपर्यंत तगडा सिमेंटचा गिलावा करून देतो, वर ऑइलपेंट किंवा टाइल्स. दोन पावसाळे भिंत छान दिसते. पण पाणी उडायची वाट बंद झाल्यामुळे ओल गिलाव्याच्या वर, पाच-सहा फुटांवर जाऊन बाहेर पडते आणि क्षारांचा पट्टाही तिथे सरकतो. आतून लावायचे ‘वॉटरप्रूफ’ रंगही हेच करतात. माझ्या मते यावर घातलेला पैसा हा लोण्याला दिलेला पगारच.

आधी ओलीचे मूळ शोधा. जमिनीलगत सलग आडवा पट्टा असेल तर ती चढती ओल. न्हाणीघरामागे एकच गोल डाग असेल तर नळाची गळती. वरचा कोपरा काळवंडला असेल तर स्लॅब. शंका असेल तर फूटभर चौरस प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतले, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतले.

दुरुस्ती बाहेरून सुरू होते. काळी माती पाणी लवकर सोडत नाही, म्हणून भिंतीलगतची माती काढून मुरूम भरावा. त्यावर पाऊण ते एक मीटर रुंद फरशी करावी. दर मीटरला तीन सेंटिमीटर उतार घराच्या उलट दिशेला. मग आतला गिलावा डागाच्या वर फूटभर काढा, दर्जा दोन-अडीच सेंटिमीटर खरवडा आणि पूड कोरड्या ब्रशने झाडून लांब टाका. धुवू नका, धुतले की विरघळलेला क्षार पुन्हा विटेत शिरतो. भिंत तशीच उघडी ठेवा. वाळायला साधारण इंचाला एक महिना धरतात, म्हणून नऊ इंची भिंतीचे काम दिवाळीनंतर काढावे.

नवा गिलावा चुन्याचा: एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, त्यातली थोडी वाळू कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. (काढलेल्या लोणा लागलेल्या विटांचीच सुरखी कुटणारे महाभाग भेटतात.) दहा-बारा मिलिमीटरचे दोन थर द्यावेत, प्रत्येक थर आठवडाभर ओलसर ठेवावा. वर चुन्याची सफेदी, प्लॅस्टिक इमल्शन नको. हा गिलावा विटेऐवजी स्वतः झिजतो, तेच त्याचे काम.

नव्या बांधकामात हा व्याप टाळता येतो. जोत्यावर ४० मिलिमीटर जाडीचा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, सिमेंटच्या गोणीमागे एक किलो जलरोधक पावडर आणि वर दर चौरस मीटरला १.७ किलो गरम डांबर. अंगण किंवा रस्ता डीपीसीच्या किमान १५ सेंटिमीटर खाली हवा. गावोगावी रस्त्यावर रस्ता चढवत नेल्यामुळे हे अंतर संपते आणि चांगला डीपीसीही निकामी होतो.

विटांची परीक्षा घरीही होते. पसरट ताटलीत २५ मिलिमीटर पाणी घेऊन वीट उभी ठेवा. पाणी शोषले आणि उडाले की पुन्हा तेवढेच घाला, तेही वाळू द्या. पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत पांढरे आले तर सौम्य, निम्म्यापर्यंत मध्यम. पांढऱ्याबरोबर पूड किंवा पापुद्रे सुटू लागले तर भट्टीवाल्याला गाडी परत न्यायला सांगा. ताटलीत बोअरचे पाणी घेऊ नका, नाहीतर परीक्षा विटेची न होता बोअरची होईल.